बाळाच्या कानात

सगळं घर बाप्तिस्म्याला निघण्याच्या गडबडीत होतं आणि दोन महिन्यांपूर्वीच ताई झालेली सहा वर्षांची मुलगी पाळण्यावर ओणवी होऊन, मोठी माणसं मृत्युपत्र करतात तितक्या गांभीर्याने, धाकट्या भावाच्या कानात काही पुटपुटत होती. तिच्या ओठांना गुलाबी साखर चिकटली होती. बाळासाठी आणलेल्या केकवर आता एकही फूल उरलेलं नाही, हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“काय चाललंय?” दारातून आजोबांनी विचारलं. मुख्याध्यापक असताना त्यांच्या या दोन शब्दांनी भल्याभल्यांना घाम फुटत असे.

तरी धीर करून ताईने विचारलं, “आजोबा, आज बाळाचं पाप धुऊन टाकणार ना?”

“हो.”

“पण त्याने केलंय काय? त्याला धड कूससुद्धा बदलता येत नाही!”

“त्याने नाही गं. आदाम-हव्वेने नको ते फळ खाल्लं, त्यांचं पाप वारशाने याच्याकडे आलं.”

“म्हणजे दुसऱ्याने खाल्लेलंही याच्यावरून धुतलं जातं!” ताईचा जीव भांड्यात पडला. “मग झालं तर. केकवरची सगळी फुलं मी खाल्ली, ते त्याला सांगून ठेवलंय.”

आजोबांनी पाळण्याजवळ खुर्ची ओढली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

“तू हो पुढे,” ते हळूच म्हणाले, “बाळाला मी घेऊन येतो. आणि आईला म्हणावं, आजोबांना जरा वेळ लागेल.”