जास्तीचा खांब

पुडकं उघडून थोरलीने आतली किटलीवर घालायची विणलेली टोपी टेबलावर पालथी घातली, चष्मा पुसला आणि टोपीवरच्या फुलाची शेवटची पाकळी बोटाने चाचपली. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा.

"तिचंच आहे," ती म्हणाली.

"कुणाचं, आई?" सुनेने विचारलं. ती ओट्याशी उभी राहून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. साखर. मीठ. चहा. हल्ली सुनेच्या काही म्हणता काही लक्षात राहत नसे, त्याला थोरली तरी काय करणार!

"धाकटीचं. माझ्या बहिणीचं."

सुनेचा हात चिठ्ठीवरच थांबला. "असेल," ती म्हणाली.

विणकाम मंडळाचा नियम साधा होता. दर महिन्याला स्वयंपाकघरातली एखादी वस्तू क्रोशाने विणायची, पाठवायची, आणि दुसऱ्या कुणीतरी विणलेली आपल्याला यायची. नाव लिहायचं नाही, विचारायचं नाही. थोरलीची पुडकी सून घेऊन जाई आणि आलेली सूनच आणून देई. थोरलीला एकटीने जिना उतरायची बंदी होती. का, ते कुणी धड सांगत नव्हतं.

पण नाव हवं कशाला? हात लपतो थोडाच! फुलाच्या प्रत्येक पाकळीत पाच खांब घालायचे, खांब म्हणजे उभा टाका. त्यांच्या आईची शेवटच्या पाकळीत मोजणी चुकायची आणि सहावा खांब पडायचा. पाकळीला कुबड यायचं. दोघी मुलींनी आईची ती चूकही मन लावून शिकून घेतली. पुढे कळलं, तरी हात ऐकेना. असं कुबडं फूल विणणाऱ्या जगात दोनच बायका होत्या, आणि त्या अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण काय, तर सुई. आईची हाडाची, पिवळी पडलेली क्रोशाची सुई. टाके उसवताना आई ती दातांत धरायची, म्हणून तिच्या दांडीवर बारीक व्रण पडले होते. आई गेली आणि सुई दिसेनाशी झाली. थोरली म्हणाली, धाकटीने नेली. धाकटी म्हणाली, शपथ, मी हातसुद्धा लावला नाही. शब्दाने शब्द वाढला. धाकटी भरल्या ताटावरून उठून गेली ती गेलीच.

"दोरासुद्धा बघ," थोरलीने टोपी सुनेपुढे धरली. "लिंबासारखा पिवळा. मलाही हाच आवडतो. एका आईच्या पोटच्या ना आम्ही!"

"हो, आई. चहा नको आता, मघाशीच झालाय तुमचा."

"कधी?"

सून हसली आणि पुढची चिठ्ठी चिकटवू लागली.

दुपारी उन्हाचा चौकोन फरशीवर उतरला की थोरली खिडकीशी विणायला बसे. किटलीची वाफ काचेवर चढे आणि बाहेरची झाडं पाण्यात बुडाल्यासारखी होत. तिला वाटे, कुठल्याशा दुसऱ्या खिडकीत धाकटी अशीच बसली आहे. इकडे एक साखळी पडते, तिकडे एक खांब उभा राहतो, आणि दोरा दोघींचा एकच आहे. मग डुलकी लागे. जाग आल्यावर आपण कुणाच्या खिडकीत बसलोय हे समजायला जरा वेळच लागे, आणि तो वेळ मोठा गोड असे.

काळजी एकच होती. टोपीचे टाके सैल होते. त्याआधीच्या फडक्यात तर अख्खी ओळ सुटली होती. धाकटीचे हात थकत चालले होते. आता मानापमान धरून बसलं तर बोलायचं राहूनच जाईल, असं थोरलीला वाटे.

एका सकाळी, फार दिवसांनी, तिचं डोकं लख्ख होतं. तिने कागद ओढला. तीन कागद चुरगळले, चौथ्यावर लिहिलं. कधी कुणाजवळ बोलली नव्हती ते लिहिलं. लिहिता लिहिता कोपर कपाला लागलं आणि चहा हिंदकळून कागदाच्या कोपऱ्यावर सांडला. तिने फुंकर घालून तो वाळवला आणि पातेलं धरायच्या हिरव्या दुहेरी रुमालाच्या घडीत खोल सरकवून दिला. चिठ्ठी नियमात बसत नव्हती, म्हणून सुनेला सांगितलंच नाही.

"आज जाईल ना गं?" तिने विचारलं.

"जाईल हो." सुनेने पुडक्याला दोरी बांधली, तिच्या सवयीने दोन गाठी मारल्या.

पुढचं पुडकं आलं त्या दुपारी काच वाफेने धुरकटली होती. थोरलीने दोन्ही गाठी सोडवल्या. आत रुमाल, छानसा हिरवा. सहा खांब. आणि घडीत काहीतरी कुरकुरलं.

"कागद आहे!"

"कसला कागद?" सून चमकून वळली.

थोरली मोठ्याने वाचू लागली. "सुई माझ्याकडेच होती. आईच्या उशाखालून मीच उचलली. तू नेलीस असं सगळ्यांना सांगितलं, आणि मग मागे फिरता येईना. चूक माझी. हवं तर रागव, पण ये."

तिच्या डोळ्यांना धार लागली. "अकरा वर्षं! मी म्हणत नव्हते? कबूल केलं गं बाईने शेवटी!" तिने कागदाचा तपकिरी कोपरा पदराने पुसला आणि रडता रडता हसली. "चहा सांडलाय बघ. लहानपणापासून अशीच धांदरट."

सुनेने चिठ्ठी घेतली. दोनदा वाचली. मग कितीतरी वेळ ती थोरलीच्या मांडीवरच्या विणकामाकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "मावशींना फोन लावू?"

"लाव की. म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. मी केव्हाच माफ केलं."

सून फोनकडे गेली. थोरलीचा जीव भांड्यात पडला. शेवटच्या पाकळीत काहीतरी चुकलं होतं, तेवढं उसवायला म्हणून तिने पिवळी सुई दातांत धरली, आणि तिचे दात आईच्या दातांच्या व्रणांवर अगदी बरोबर बसले.