अर्धा वळेसर

खतिजाचा मुलगा मुनीब होडीसकट बुडाला; मय्यत मिळालीच नाही, त्यामुळे कबरही नव्हती. म्हणून दर गुरुवारी ती जेटीवरून अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, समुद्रात सोडायची. स्वतःच्या केसांत मात्र तिनं तेव्हापासून फूल माळलं नव्हतं. आज सोबत आलेली लेक बुशरा विज्ञानाच्या गमतींच्या पुस्तकातलं मोठ्यानं वाचू लागली: “पोटातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या अंगात उतरतात आणि कित्येक वर्षं तिथेच जगतात.” फुलं सोडायला उचललेला खतिजाचा हात थांबला. “म्हंजे मुनीब माझ्यात आसा?” “तसा नाय गो अम्मा, पेशीच फक्त.” “मगे दर्यात फुलां कोणाक सोडतंय मी?” खतिजानं आधी पाण्याकडे, मग पोटाकडे पाहिलं. वळेसर मधोमध तोडून अर्धा तिनं समुद्रात टाकला. उरलेला अर्धा रिकाम्या अंबाड्याशी धरून ती म्हणाली, “बुशरा, पिन आसा गो?”