पंडिताबाईचा बंदोबस्त

"याला पेन ड्राइव्ह कोण लावतं?" दुरुस्तीवाल्याने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"कोणीही नाही," पंडिताबाई म्हणाली.

"असं कसं? यात नोंद आहे ना. जवळपास रोज, दुपारी दोनच्या सुमाराला. आणि काढताना नुसता उपटतात. अशानेही फाइली बिघडतात, ताई."

पंडिताबाईने मनात हिशेब केला. दुपारी दोनला ती ग्रंथालयात असायची आणि दादा कामावर. घरात एकटी वहिनी.

पंडिताबाई हे दादाने ठेवलेलं नाव. विहिरी खणणाऱ्यांच्या बोलीवर ती सात वर्षं प्रबंध लिहीत होती. चाळीस म्हाताऱ्यांच्या मुलाखती, त्यातले निम्मे आता हयात नव्हते. सगळं या एका कॉम्प्युटरमध्ये. प्रबंध पुढच्या सोमवारी द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

"पेन ड्राइव्हचं मी बघते," ती म्हणाली. "हा मधूनच निळा पडतो, त्याचं काय?"

"डिस्क म्हातारी झालीय. ही खरखर ऐकताय ना? फाइल उघडायला वेळ लागणं, मध्येच बंद पडणं, सगळी तिचीच लक्षणं. मी धूळ काढली, नको ते प्रोग्रॅम उडवले. पण खरा उपाय मागच्या खेपेलाच सांगितला होता. सगळ्याची एक नक्कल दुसरीकडे ठेवा. नाहीतर एक दिवस डोक्याला हात लावून बसाल."

"नक्कल म्हणजे चोराच्या हातात दुसरी किल्ली!"

तिच्या एका मैत्रिणीच्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण भलत्याच्याच नावावर छापून आलं होतं. तेव्हापासून पंडिताबाईचा ना ईमेलवर विश्वास, ना क्लाऊडवर. दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. ही तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

तिने मान वळवली तर दारात वहिनी, हातात चहाचे कप. कधीची उभी होती कोण जाणे.

दुरुस्तीवाल्याला सोडायला वहिनी दारापर्यंत गेली. तिथे दोघांची हळू आवाजात काहीतरी कुजबुज झाली. पंडिताबाई बाहेर येताच दोघंही गप्प.

"काय विचारत होतीस ग वहिनी?"

"काही नाही, मिक्सरचं."

कॉम्प्युटरवाल्याला मिक्सरचं? पंडिताबाईला एकाएकी वहिनीची धाकटी बहीण आठवली. तीही विद्यापीठाच्या त्याच विभागात, त्याच सरांकडे प्रबंध करणारी, आणि अजून तिसऱ्या प्रकरणातच अडकलेली. गेल्या महिन्यात ती दोनदा घरी येऊन गेली होती. दोन्ही वेळा दुपारची.

बुधवारी पंडिताबाई ग्रंथालयातून मुद्दाम अडीचलाच परतली. चपला हातात घेऊन आत आली. वहिनी गॅलरीत फोनवर होती.

"झालं ग आजचंही. सगळं आलं... छे, तिला पत्ताच नाही. कळलं तर घर डोक्यावर घेईल."

तिकडून काहीतरी ऐकून वहिनी खुदकन हसली.

पंडिताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. तापाने फणफणली होती तेव्हा याच वहिनीने तीन रात्री उशाशी बसून काढल्या होत्या. आपलीच माणसं अशी निघाली तर करायचं काय? भांडून उपयोग नव्हता. दादा बायकोचीच बाजू घेणार. म्हणेल, पंडिताबाई, तुला सावलीचाही संशय येतो.

गुरुवारी वहिनी शेजारच्या आजींना दवाखान्यात घेऊन गेली. पंडिताबाईने तिचं कपाट उघडलं. कपड्यांच्या घडीखाली पेन ड्राइव्ह होता. लावून पाहिला. सातही प्रकरणं, चाळीसही मुलाखती. एक अक्षर कमी नाही.

"सापडलीस!" ती मोठ्याने म्हणाली.

नुसतं डिलीट केलेलं परत आणता येतं, इतकं तिला ठाऊक होतं. तिने पूर्ण फॉरमॅट लावला. चांगला तासभर लागला, पण ती जागची हलली नाही. मग रिकामा पेन ड्राइव्ह होता तसा घडीखाली ठेवला आणि कॉम्प्युटरला सोळा अक्षरी पासवर्ड घातला. कित्येक दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

शुक्रवारी रात्री वाढता वाढता वहिनी म्हणाली, "पासवर्ड घातलात वाटतं, पंडिताबाई?"

"तुला कसं कळलं?"

वहिनीचा हात थबकला. "टेबल पुसत होते. बटण दाबलं गेलं."

चोराच्या मनात चांदणं! पंडिताबाईने हसून आणखी एक पोळी मागून घेतली.

शनिवारी सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. आतून नुसती टक टक. दुरुस्तीवाला धावत आला, डिस्क काढून कानाशी धरली, दुसऱ्या मशीनला लावून पाहिली आणि मान हलवली.

"गेली, ताई. आत घासली गेलीय. आता कुठेही नेली तरी काही हाती लागेल असं मला वाटत नाही. नक्कल ठेवलीत ना?"

पंडिताबाई डोक्याला हात लावून बसली. सात वर्षं. गेलेली ती म्हातारी माणसं. परवाचा सोमवार. ती लहान मुलासारखी हमसून हमसून रडायला लागली. दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. आणि चक्क हसत होती.

"अहो, रडताय काय अशा! या दुरुस्तीवाल्यांनी मागच्या खेपेला नकलेचं सांगितलं ना, तेव्हाच म्हटलं, तुम्ही काही ऐकायच्या नाहीत. मग धाकटीकडून शिकून घेतलं. सहा महिने झाले, रोज दुपारी तुमची सगळी नक्कल काढून ठेवतेय. बुधवारपर्यंतचं अक्षर न् अक्षर आहे माझ्याकडे. डोळे पुसा बघू आधी. थांबा हं, आलेच घेऊन."