धाकटीच्या नावावर

करसल्लागारानं धाकट्या सुनेला तिचं वर्षाचं उत्पन्न विचारलं. ती म्हणाली, काही नाही. शिवणकाम, शिकवण्या, निदान बँकेतलं व्याज? त्यानं खोदून विचारलं. तिनं नुसती मान हलवली. रकान्यात आडवी रेघ मारून तो थोरलीकडे वळला. थोरली एका विमा कंपनीत विभागप्रमुख होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. आकडा सांगताना तिचा आवाज नकळत जरा चढला.

सासरे मधल्या खुर्चीत बसले होते. बाजारातल्या दोन गाळ्यांचं काय ते त्यांना मृत्युपत्रात एकदाचं लावून टाकायचं होतं. भाडं चांगलं येत होतं. दोन्ही मुलगे आधीच कराच्या वरच्या टप्प्यात, म्हणून त्यांनी सुनांना बरोबर आणलं होतं.

सल्लागारानं समजावून सांगितलं. गाळे थोरल्या सूनबाईंना दिले, तर भाडं त्यांच्या पगारावर चढणार आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा करातच जाणार. धाकट्या सूनबाईंना उत्पन्नच नाही, त्यांना कर लागला तर नावापुरता. तेव्हा गाळे त्यांनाच द्यावेत.

"दोन्ही?" थोरलीनं विचारलं.

"नाव कुणाचं का असेना, घर तर एकच आहे," सासरे म्हणाले.

थोरली हसली. घराचे हप्ते तिच्या पगारातून फिटले होते, सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशनही. लग्न झाल्यापासून ती सगळ्यांचे डबे भरून धावतपळत बस गाठत आली होती. धाकटी दुपारी जेवून आडवी व्हायची. आताही ती मान खाली घालून बांगडी फिरवत बसली होती. काही न कमावणं हीच हिची कमाई, असं थोरलीच्या मनात आलं. ते ओठांपर्यंत आलं, पण परक्या माणसासमोर नको म्हणून तिनं समोरचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

मसुदा ठरला. सासरे फी द्यायला मागे थांबले आणि दोघी जावा जिना उतरू लागल्या. थोरली झपाझप पुढे. मधल्या वळणावर धाकटीनं तिला गाठलं.

"ताई, मला तुमचा फार हेवा वाटतो," ती म्हणाली. "तुम्ही आकडा सांगितलात, तेव्हा त्या सल्लागारांनी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं."

मग तिनं चाचरतच विचारलं, तुमच्या ऑफिसात माझ्याजोगं काही असेल का, कसलंही चालेल. नवऱ्याला विचारून झालं होतं, त्यानं हसण्यावारी नेलं होतं.

थोरली थांबली. तिच्याच विभागात एक जागा रिकामी होती, पण ती धाकटीला देता येईल, हे आजवर तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. धाकटीला पगार सुरू झाला की सल्लागाराचं गणित मोडणार, ते पुन्हा मांडावं लागणार, हे तिला तिथल्या तिथे लख्ख दिसलं.

"सोमवारी ये," ती म्हणाली. इतक्या पटकन, की तिची तीच दचकली.

धाकटीचे डोळे भरून आले. तिनं थोरलीचा हात दोन्ही हातांत धरला. "सख्ख्या बहिणीनंसुद्धा एवढं केलं नसतं, ताई."

वरून सासऱ्यांची पावलं ऐकू आली. थोरलीनं हात सोडवून घेतला नाही. फक्त तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाली, "चल, बाबा येतायत."