पाच वाजताचा पंखा

त्या शेवटच्या, नेहमीसारख्या संध्याकाळीही बाबांनी लॅपटॉप उशीवरच ठेवला होता. पाच वाजता परदेशातल्या दादाशी बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. माझ्याशी बोलताना तो कधी तसा उजळला नाही.

लॅपटॉप तापून बंद पडला.

“अगं, दादा अर्ध्यातच गेला!”

“उशीवर ठेवल्यावर पंख्याला हवा कुठून मिळणार, बाबा?”

“तू आहेस ना, बघ काहीतरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

महिन्याभराने मी लॅपटॉप दुरुस्तीला नेला. दुकानदाराने पंख्यातली धूळ काढली. “ताई, बॅटरी फुगली होती, काढून टाकलीय. नवी येईपर्यंत हे नुसतं खोकं समजा.”

ते खोकं मी टेबलावर ठेवलं. वायर जोडलीच नाही.

पाच वाजता पंखा घरघरू लागला. स्क्रीन काळीच होती, पण बाबा मनगटं टेकवायचे त्या दोन जागा तापल्या होत्या.

म्हणजे आजही दादासाठीच.

मी तिथे हात ठेवले. चटका बसला, तरी काढले नाहीत. पंखा एकदम थांबला.

“बाबा, मला दादाचा फार हेवा वाटायचा. आज माझ्याशी बोला ना.”