नकाराचा कागद

मनू जन्मली त्याच महिन्यात मुंबई बंद झाली होती, त्यामुळे तिचं वय कोणाला मोजावं लागत नसे. आता ती पावणेतीन वर्षांची झाली होती. आजोबांच्या मांडीवर बसून ती सुकटीतला कचरा वेचल्यासारखं करत होती, आणि दारात आरोग्यसेविका संघमित्रा नकाराचा कागद घेऊन उभी होती.

ती तिसऱ्यांदा आली होती. प्रभादेवीच्या त्या कोळी वस्तीत गोवर शिरला होता. मागच्या गल्लीतल्या दोन मुली इस्पितळात होत्या, आणि त्यातल्या धाकटीबरोबर मनू गेल्या आठवड्यापर्यंत खेळत होती. मनूची नवव्या महिन्यातली लस बंदच्या काळात हुकली, पुढची तिच्या आजोबांनी, उत्तमने, होऊ दिली नाही. मंडळाच्या हॉलात दुपारी दोनपर्यंत लस मिळणार होती. नको असेल तर घरातल्या मोठ्या माणसाने तसं सही करून द्यायचं होतं.

"काका, आधी पाणी पाजा," संघमित्रा उंबऱ्यातच बसली. "तुमच्या ह्या लोखंडी जिन्याला जेवढे हेलपाटे घातले तेवढे मी माझ्या सासरी पण घातले नाहीत."

उत्तमची सून, मनूची आई रंजिता नुकतीच बाजारातून आली होती. तिने पाणी दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

उत्तम भांडणारा माणूस नव्हता. चाळीस वर्षं बोटीवर तांडेल होता; तो म्हणेल तेव्हा जाळं पडायचं आणि तो म्हणेल तेव्हा वर यायचं. त्याने शांतपणे सांगितलं, की गोवर त्याला झाला, त्याच्या पाच भावंडांना झाला, आईने कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं आणि सगळे उठले.

संघमित्राने विचारलं, पाचही उठली का.

उत्तमने मनूच्या फ्रॉकवरचा सुकटीचा कण झटकला. मग म्हणाला, चार.

ती काही बोलायच्या आत त्याने बसल्या जागेवरून हात लांबवून भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोमागून एक प्लॅस्टिक चढवलेला कागद काढला. त्याच्या बायकोचं, गुणवंतीचं, कोरोनाच्या लशीचं प्रमाणपत्र. दोन डोस, दोन तारखा.

दादरच्या मासळी बाजारात गुणवंतीची जागा होती. परवाना तिच्या नावाचा. जागा दोन दिवस रिकामी राहिली की शेजारणीची पाटी अलगद आत सरकते, म्हणून गुणवंतीला बरं नसलं तर जाऊ, नणंद, सून, कोणीतरी तिथे बसायचं. पालिकेचा माणूस आला की जी बसली असेल ती आपलं नाव गुणवंती सांगायची. ह्यात बाजारात कोणाला खोटं वाटत नसे. आता रंजिता बसायची, तरी परवान्यावर अजून सासूच होती.

मनू दीड वर्षाची असताना लोकल गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण दोन डोस घेतलेल्यांसाठीच. मावरं, म्हणजे मासळी, आणायला धक्क्यावर जायचं तर पास हवा, पाससाठी प्रमाणपत्र हवं. उत्तमने तर घरात सगळ्यांना आधीच बजावलं होतं, की ह्या घरात कोणी सुई टोचून घ्यायची नाही. मोबाइलवर त्याने बरंच काही पाहिलं होतं. गुणवंती ऐकून घ्यायची, वाद घालायची नाही. आणि एका ऑक्टोबरात तिने हे प्रमाणपत्र त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याचं न ऐकण्याची ती पहिली वेळ. तो अकरा दिवस तिच्याशी बोलला नाही.

जानेवारीत सगळं घर आजारी पडलं.

"ही दोन घेऊन गेली," उत्तम फोटोकडे बोट करून म्हणाला. "आणि ही माझी सून. हिने एक पण नाय घेतलं. दोन दिवस कणकण आली, तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापत होती. आता तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा मला."

संघमित्राने पिशवीतून कागदांची चळत काढून मांडीवर ठेवली. ह्या वस्तीतले बावीस नकार, ती म्हणाली. "प्रत्येक घरात मला तुमच्या बायकोचं नाव ऐकवतात, काका. दोन डोस घेऊनसुद्धा गेली म्हणतात. मी पुढे काय बोलणार?"

"मग नका बोलू," उत्तम म्हणाला, आणि नकाराचा कागद गुडघ्यावर घेऊन पेन मागितलं.

"बाबा, सही नका करू," रंजिता म्हणाली.

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, की नवरा, दिनेश, बोटीवरून आला की त्याच्याशी बोल, माझ्याशी नको.

रंजिताने मनूला त्याच्या मांडीवरून उचलून कडेवर घेतलं.

"ते प्रमाणपत्र आईंचं नाय," ती म्हणाली. "आधार कार्ड त्यांचं होतं. दोन्ही वेळा गेली ती मी. तोंडाला मास्क, डोक्यावर पदर. लस देणाऱ्यांनी नाव विचारलं, मी गुणवंती सांगितलं, बाजारात सांगते तसं. मला सुई हवी होती, आईंना पास हवा होता. दोघींचं काम झालं."

संघमित्राने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि ती?" उत्तमने विचारलं. "तिने मागाहून घेतली असेल."

"मी दोनदा बोलले त्यांना. आई, आता तुम्ही माझ्या नावाने जा, मी बाहेर थांबते. नाय गेल्या."

ती मनूला घेऊन जिना उतरली. मागून संघमित्रा उतरली. उत्तमने कोणाला हाक मारली नाही. कागद त्याच्या गुडघ्यावर तसाच कोरा होता.

गुणवंती उत्तम वैती एकोणीस जानेवारी दोन हजार बावीसला गेली. नवऱ्याने नको म्हटलं होतं, म्हणून तिने लस घेतलीच नव्हती.