पाठ केलेली उत्तरं

"व्हेअर आर यू फ्रॉम?" फोनमधल्या बाईनं विचारलं.

"आय ॲम फ्रॉम परतवाडा, मॅडम," संघपाल म्हणाला.

विशाखानं मान डोलावली आणि पुढच्या रेकॉर्डिंगकडे बोट नेलं. अमरावतीच्या एजंटानं ही रेकॉर्डिंगं पाठवली होती. साधे साधे प्रश्न, एकेक वेगळा. शुक्रवारी दुबईच्या कंपनीतला माणूस फोनवरून हेच विचारणार होता. ट्रेलर चालवायचं काम होतं. मागच्या खेपेला संघपालला एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नव्हतं. "इंग्रजी कच्चं आहे तुमचं. ऐकायची सवय करा," एजंट म्हणाला होता.

तेव्हापासून रोज दुपारी, शाळेच्या पोरांची व्हॅन काढायच्या आधी, नवरा-बायको खाटेवर समोरासमोर बसत. विशाखा बारावी झालेली. आधी ती प्रश्न आणि उत्तर स्वतः बोलून शिकवायची, मग रेकॉर्डिंग लावायची. आता त्याचं काहीच चुकत नव्हतं.

आज तिचं बोट घसरलं आणि भलताच प्रश्न लागला.

"हाऊ ओल्ड आर यू?"

"आय ड्राइव्ह अ स्कूल व्हॅन, मॅडम."

विशाखा हसली. "वय इचारून राहिली ते." मग तिनं मुद्दाम खालचा एक लावला.

"व्हॉट इज युवर डॉटर्स नेम?"

"येस, आय ॲम मॅरीड."

तिचं हसू थांबलं. तो ओळीनं उत्तरं देत होता.

"तुमी पाठ केलं काय?"

"मंग? इंग्रजी येत नाई तं माणूस पाठच करीन ना."

पटण्यासारखं होतं. तरी तिचं मन मानेना. पाणी आणायच्या निमित्तानं ती आत गेली, माठाजवळ उभं राहून फोनमध्ये स्वतःचाच आवाज भरला आणि बाहेर येऊन फोन त्याच्यापुढं ठेवला.

"तुमच्या पोरीचं नाव काय हाये?" तिचाच आवाज. घरचीच बोली.

संघपाल पडद्याकडे पाहत होता. रेकॉर्डिंग संपल्याची खूण दिसली तसा तो म्हणाला, "आय हॅव अ लायसन्स, मॅडम."

विशाखा खाली बसली. तिचं तोंड पाहून त्याच्याही ध्यानात आलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"कापसाच्या जिनिंगमंदी कामाले होतो तवापासून. मशीनीच्या आवाजानं गेले कान. हळूहळू गेले. बोलनाऱ्याचं तोंड दिसलं का समजते मले. फोनवर कोनाचं तोंड पाहू?"

"आन गाडीवर मांगून हॉर्न वाजला तं?"

"आरशात पायतो ना. सारखा पायतो. आजलोक झालं काय काई?"

"मैत्री बसते त्या गाडीत. आपली पोर."

"मले मालूम नाई काय?"

शाळा सुटायची वेळ झाली होती. संघपाल उठला, खुंटीवरच्या किल्ल्या घेतल्या. विशाखा दारात जाऊन उभी राहिली.

"सरक. लेकरं उन्हात उभी राहतीन."

ती सरकली नाही.

"दुबईचं गेलं तं गेलं. हे बी गेलं तं करू काय मी?"

तो दाराकडे एक पाऊल सरकला. मुठीत किल्ल्या खुळखुळत होत्या. ते फक्त तिलाच ऐकू येत होतं.

तिनं फोन लावला, दुसऱ्या व्हॅनवाल्याला. एरवी फोनवर बोलताना ती अंगणात जायची. आज त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि एकेक शब्द सावकाश बोलली.

"पुंजारामभाऊ, आजच्या दिवस आमची लेकरं तुमच्या गाडीत घ्या. यांले ताप आला."

फोन बंद झाला. तिच्या शेवटच्या शब्दापर्यंत संघपालची नजर हलली नव्हती.

"ताप म्हनलं ना?"

तिनं मान डोलावली.

तो खाटेच्या काठावर टेकला. किल्ल्या अजून हातातच होत्या.

"आन उद्या काय सांगशीन?"

त्याची नजर विशाखाच्या ओठांवर होती. तो पाहत राहिला.